सेल खाणारा डिजिटल

कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल बॅटरी लुकलुकली आणि कॅमेरा बंद पडला. त्यातले दोन पेन्सिल सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले, तर घड्याळ पुढे कित्येक महिने बिनतक्रार चाललं. २००५ ते २०१० या काळात ज्यांच्या घरात पहिला डिजिटल कॅमेरा आला, त्यांतल्या बहुतेकांनी हा चमत्कार पाहिलेला आहे. मग सेल मेले होते की नव्हते?

याच कॅमेऱ्याचं आणखी एक कोडं आहे. कॅननची पॉवरशॉट ‘ए’ मालिका, निकॉनची कूलपिक्स ‘एल’, कोडॅकची ईझीशेअर ‘सी’, सोनीची सायबरशॉट ‘एस’ हे त्या वेळचे परवडणारे कॅमेरे. पेन्सिल सेलवर चालणारे, खिशात मावणारे, २००८ च्या आसपास दहा हजारांच्या आत मिळू लागलेले. सोलापुरात असा कॅमेरा बाळगलेल्या दोघांना आज विचारा. एक म्हणेल, “काय फोटो यायचे हो, आत्ताच्या मोबाइलला नाही जमत.” दुसरा म्हणेल, “पैसे पाण्यात गेले. सेल खायचा, फोटो हलायचे, रात्री तर नुसते दाणे दाणे.” दोघांचा कॅमेरा एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा असू शकतो, आणि दोघंही खरंच बोलत असतात. पहिल्याने तो बहुधा दिवसा, उघड्यावर वापरला. दुसऱ्याने मंगल कार्यालयात आणि यात्रेत. मालकांची मतं ऐकताना आपण कॅमेऱ्याबद्दल ऐकतोय असं वाटतं. खरं तर त्यातलं निम्मंअधिक मत प्रकाशाबद्दलचं असतं.

सेल मेला की दमला?

आधी सेलचं बघू, कारण मालकांची पहिली तक्रार तीच.

भिंतीवरच्या घड्याळाला लागणारी वीज इतकी कमी असते की तिची सरासरी एक मिलिअँपिअरच्याही खाली राहते. डिजिटल कॅमेऱ्याचा खाक्या वेगळा. भिंग पुढे-मागे सरकवणारी मोटर, मागचा उजेडाचा पडदा, सेन्सर, चित्र तयार करणारी चिप, सगळ्यांना एकदम वीज हवी. त्यात फ्लॅश. फ्लॅश पेटवण्यासाठी कॅमेऱ्याच्या आत एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून एका झटक्यात सोडणारा भाग असतो. दोन सेलच्या तीन व्होल्टमधून तो सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरावा लागतो. अशा क्षणी कॅमेरा सेलकडून एक अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह मागतो. घड्याळाच्या हजार पटींहून अधिक.

प्रत्येक सेलच्या पोटात थोडा अडथळा असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. प्रवाह कमी असेल तर तो जाणवतही नाही. प्रवाह वाढला की मात्र सेलचा दाब, म्हणजे व्होल्टेज, या अडथळ्यापाशीच खर्च होऊ लागतो. साध्या अल्कलाइन सेलचा रोध ०.३ ओहम धरला, तर एक अँपिअर ओढताच ०.३ व्होल्ट आतल्या आत गेले. अर्धवट वापरलेला सेल मुळातच सव्वा व्होल्टच्या आसपास आलेला असतो; ओढ बसली की तो एकाच्या खाली घसरतो. कॅमेऱ्यातली चिप तेवढंच पाहते आणि “बॅटरी संपली” असं जाहीर करते. ओढ थांबली की व्होल्टेज पुन्हा वर येतं. म्हणून सेल घड्याळात चालतो. अल्कलाइन सेलवर छापलेली क्षमता ही सावकाश वापराची असते; एक अँपिअरच्या वेगाने तो रिकामा केला, तर त्यातली निम्मीही हाती लागत नाही. किराणा दुकानात मिळणारे स्वस्त झिंक-कार्बन सेल तर कॅमेऱ्यासाठी नव्हतेच. त्यांवर कधी कधी भिंग बाहेर यायचं आणि आत जायच्या आधीच सगळं बंद. भिंग तसंच बाहेर.

गंमत अशी, की चार्ज होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल कागदावर दुबळा दिसतो. अल्कलाइन १.५ व्होल्टचा, हा १.२ चाच. पण याचा अंतर्गत रोध फारच कमी, त्यामुळे ओढ बसली तरी तो १.२ च्या आसपास ठाम राहतो. ज्या मालकाने कॅमेऱ्यासोबत चार्जर आणि चार्जचे सेल घेतले, त्याला एका चार्जवर शंभर-दोनशे फोटो सहज मिळायचे. ज्याने दुकानातून येता-जाता साधे सेल घेतले, त्याच्या लेखी कॅमेरा खादाड ठरला.

अर्थात चार्जच्या सेललाही खोड होती. नुसते पडून राहिले तरी ते झिजायचे. महिनाभराने कपाटातून कॅमेरा काढावा तर सेल अर्धेमुर्धे रिकामे. सान्योने २००५ च्या अखेरीस ‘एनेलूप’ सेल आणले आणि ही गळती बरीचशी थांबवली, पण ते आपल्याकडे सगळ्यांपर्यंत लगेच पोचले नाहीत. त्यात ते भारनियमनाचे दिवस. रात्रभर सेल चार्जिंगला लावायचे म्हणजे रात्रभर लाइट असली पाहिजे.

सेल खाण्याची सवय या जातीला जन्मापासूनची आहे. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ साली पहिला हातात धरता येण्याजोगा डिजिटल कॅमेरा जोडला. त्याचं चित्र १०० बाय १०० ठिपक्यांचं, तेही काळं-पांढरं. एक चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागायची. आणि त्याला सेल लागायचे १६.

नखाहून लहान चकती

आता दाण्यांकडे येऊ.

रोलच्या कॅमेऱ्यात चित्र उमटायची जागा ३६ बाय २४ मिलिमीटरची होती. या छोट्या डिजिटलमध्ये रोलच्या जागी सेन्सर आला. सेन्सर म्हणजे प्रकाश मोजणारी सिलिकॉनची चकती. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत ती जेमतेम ५.८ बाय ४.३ मिलिमीटर असायची, करंगळीच्या नखाहून लहान. क्षेत्रफळ काढा: रोलची चौकट तिच्या सुमारे ३५ पट भरते. एवढ्याशा जागेत साठ लाख ठिपके, म्हणजेच ६ मेगापिक्सेल, बसवायचे. एकेका ठिपक्याच्या वाट्याला दोन मायक्रॉनची बाजू आली. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले दोन.

ठिपका लहान असल्याने काय बिघडतं? अंगणात ओळीने वाट्या मांडल्या आहेत आणि पाऊस पडतोय, असं समजा. प्रत्येक वाटी म्हणजे एक पिक्सेल, थेंब म्हणजे प्रकाशकण. पाऊस जोरदार असेल तर सगळ्या वाट्यांत जवळजवळ सारखंच पाणी साठतं. पण नुसती भुरभुर असेल, तर एकीत सात थेंब, शेजारच्या वाटीत तेरा. पाऊस दोघींवर सारखाच पडला. पडण्यातच अनियमितपणा असतो. गणित सांगतं, की सरासरी १०,००० थेंब पडत असतील तर चढउतार शंभराच्या आसपास, म्हणजे एक टक्का. सरासरी १०० पडत असतील तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. वाटी जितकी लहान, तितके थेंब कमी आणि चढउतार ठळक. एकाच रंगाच्या भिंतीवर शेजारचे ठिपके वेगवेगळे उमटतात. हेच ते दाणे.

कॅमेऱ्यात आयएसओ (संवेदनशीलतेची मात्रा) वाढवला की तो जास्त प्रकाश गोळा करतो, असा समज आजही आहे. तो जास्त काही गोळा करत नाही. मोजलेला आकडा फक्त वाढवून सांगतो, आणि आकड्याबरोबर त्यातला चढउतारही वाढतो.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत रात्री होम मैदानावर होमप्रदीपन होतं, त्याचे या कॅमेऱ्यांवरचे फोटो असेच येत. उजेड थोडा, वाट्या इवल्या. फ्लॅश मारला तर पुढच्या माणसांची डोकी पांढरी फटक आणि मागे काळोख. फ्लॅशची ताकद तीन-चार मीटरपुरतीच. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, म्हणजे बारा मीटरवर त्याचा नववा-दहावा हिस्साही उरणं कठीण. त्या गर्दीत फ्लॅश बंद ठेवून, कॅमेरा एखाद्या कठड्यावर टेकवून, दोन सेकंदांचा टायमर लावणाराच जिंकायचा. कॅमेऱ्याच्या मेनूत शोभेच्या दारूकामासाठी वेगळा पर्यायही बऱ्याचदा असे: तो फ्लॅश बंद करून शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. मेनूत इतकं खोल शिरायला वेळ कुणाला होता?

याच यात्रेत दुपारी नेमकी उलटी अडचण. जानेवारीतलं लख्ख ऊन, नंदीध्वज उचललेले मानकरी आणि भाविक पांढऱ्या बाराबंदीत. इथे वाट्या भरून वाहतात. एकदा वाटी भरली की वर पडलेलं पाणी मोजताच येत नाही. बाराबंदीच्या चुण्या, दोऱ्या, घड्या सगळं एकसारखं कोरं पांढरं होतं. फेट्याच्या सावलीतला चेहरा नीट दाखवायला जावं तर कपडे जळतात, कपडे सांभाळावेत तर चेहरे काळवंडतात. लहान वाटीत मावतंच कमी, म्हणून ही पंचाईत छोट्या सेन्सरला जास्त. उपाय कॅमेऱ्यातच होता, अधिक-उण्याचं चिन्ह असलेला पर्याय. तो उण्याकडे दोन पायऱ्या सरकवला की कपड्यांचा पोत टिकायचा. ज्यांना हे ठाऊक झालं, त्यांचं कॅमेऱ्याबद्दलचं मत बदललं.

मात्र सकाळी नऊच्या उन्हात, तलावाच्या काठावरून देवळाकडे तोंड करून काढलेला फोटो? तो आजही बघण्यासारखा असतो. उजेड भरपूर, पण वाटी भरून वाहील इतका नाही.

अक्षता पडून गेल्यावर निघालेला फोटो

याच यात्रेतल्या अक्षता सोहळ्यात संमती कट्ट्यावर संमतीचं वाचन संपतं आणि हजारो हातांतून अक्षता उडतात. रोलच्या साध्या कॅमेऱ्यात हा क्षण सापडायचा, डिजिटलमध्ये निसटायचा. लोक म्हणायचे, “क्लिक उशिरा होतं.” होतंच.

साध्या रोल कॅमेऱ्याचं भिंग कायमचं एका जागी बसवलेलं असे, त्याला काही शोधायचं नसे. डिजिटल मात्र बटण दाबल्यावर कामाला लागायचा. भिंग थोडं सरकवायचं, सेन्सरवरच्या चित्रातल्या कडा किती ठळक झाल्या ते बघायचं, पुन्हा सरकवायचं. कडा सर्वांत ठळक दिसल्या की थांबायचं. मग उजेड मोजायचा, रंगाचा अंदाज घ्यायचा, आणि त्यानंतर फोटो. अर्धा ते एक सेकंद यातच जायचा, अंधारात त्याहून जास्त. तेवढ्यात अक्षता खाली.

हे बटण दोन टप्प्यांचं आहे, एवढी एक गोष्ट माहितीपुस्तकात पहिल्या पाच-सात पानांत लिहिलेली असे. अर्धं दाबलं की कॅमेरा शोधाशोध आधीच उरकतो. पूर्ण दाबलं की जवळजवळ लगेच फोटो. माझ्या मते या कॅमेऱ्यांना शिव्या बसल्या त्यांतल्या निम्म्या या एका पानामुळे वाचल्या असत्या. पण माहितीपुस्तक वाचणं हे आपल्याकडे काहीसं कमीपणाचं मानलं जातं.

दुकानातला आकडा

“पाचचा दाखवू का आठचा?” सोलापूरच्या नवी पेठेत काय किंवा दुसऱ्या कुठल्या बाजारात काय, कॅमेरा मेगापिक्सेलवर विकला जायचा. आकडा मोठा तर फोटो चांगला, हे समीकरण दुकानदाराला सोयीचं आणि गिऱ्हाइकाला सोपं.

*चौकट: किती मेगापिक्सेल पुरतात?*
*फोटो लॅबमधला नेहमीचा फोटो ४ बाय ६ इंचांचा. एका इंचात ३०० ठिपके छापले की डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. म्हणजे लागले १२०० गुणिले १८०० ठिपके, जेमतेम २१ लाख ६० हजार. सव्वादोन मेगापिक्सेलमध्ये काम भागलं. ३ मेगापिक्सेलचा कॅमेरा बदलून ६ चा घेतला, तर फोटोची लांबी आणि रुंदी दुप्पट होत नाही, फक्त १.४ पट होते. आणि सेन्सर तेवढाच ठेवून ठिपके दुप्पट केले, तर प्रत्येक वाटी निम्मी होते.*

म्हणून एकाच मालिकेतला नवा, जास्त आकड्याचा कॅमेरा घेतलेल्यांना कधी कधी जुनाच बरा वाटायचा. ही त्यांची नुसती समजूत नव्हती.

झूमचंही असंच. डब्यावर “३ एक्स ऑप्टिकल, १२ एक्स एकूण” असं लिहिलेलं. ऑप्टिकल म्हणजे भिंगाने खरोखर जवळ आणलेलं. त्यापुढचा डिजिटल झूम म्हणजे आहे ते चित्र कापून ताणलेलं. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात हा कॅमेरा घेऊन गेलेल्याचं काय होत असेल, ते आकड्यांत पाहता येतं. माळढोक उभा राहिला तर सुमारे एक मीटर उंच. तो २०० मीटरवर असेल, तर ३ एक्स झूम पूर्ण ताणूनही ६ मेगापिक्सेलच्या फोटोत त्याच्या उंचीला चाळीस-पंचेचाळीस ठिपके मिळतात. डिजिटल झूमने त्याच ठिपक्यांचे चौकोन मोठे होतात. पक्षी मोठा होत नाही.

चादरीवर इंद्रधनुष्य

सोलापूरकरांना एक अडचण इतरांपेक्षा जास्त आली असणार. चादर किंवा टॉवेल अंथरून फोटो काढला, की कापडावर नसलेले वाकडेतिकडे पट्टे चित्रात दिसायचे, कधी त्यांना हिरवट-जांभळा रंगही असायचा.

कारण विणीतच आहे. कापडात धागे ठरावीक अंतरावर, सेन्सरवर ठिपकेही ठरावीक अंतरावर. भिंगातून पडलेल्या चित्रात धाग्यांचं अंतर ठिपक्यांच्या अंतराच्या जवळपास आलं, की दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्यासारख्या होतात: कुठे धागा नेमका ठिपक्यावर पडतो, कुठे दोन ठिपक्यांच्या मध्ये. त्यातून तिसरी, रुंद नक्षी तयार होते. तिला मोआरे म्हणतात.

आणि रंग? सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही, फक्त उजेड कमी की जास्त तेवढं कळतं. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांच्या नावावर १९७६ साली या मांडणीचं पेटंट नोंदलं गेलं. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग चिप शेजाऱ्यांकडे बघून अंदाजाने भरते. धागा एवढा बारीक की एकाच ठिपक्यावर पडला, तर शेजाऱ्यांची साक्ष चुकते आणि पांढऱ्या टॉवेलवर जांभळी झाक उमटते. इलाज अगदी साधा: दोन पावलं मागे किंवा पुढे सरकायचं, अंतर बदललं की नक्षी जाते.

उन्हाने सुटलेली तार

काही मालकांचा कॅमेरा मात्र खरोखरच बिघडला होता. फोटो काळे किंवा जांभळ्या रेघांनी भरलेले, पडदा कोरा. ऑक्टोबर २००५ मध्ये एकामागून एक कंपन्यांनी जाहीर केलं, की सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरच्या आतली जोडणी निसटू शकते, आणि उष्ण, दमट हवेत हा दोष जास्त दिसतो. सोनीबरोबर कॅनन, निकॉन, फुजीफिल्म यांचे कॅमेरेही त्यात होते; कॅननच्या लोकप्रिय ए६०, ए७० आणि ए७५ यांची नावं यादीत होती. वॉरंटी संपली असली तरी दुरुस्ती फुकट, असं कंपन्यांनी सांगितलं. सोलापुरात दमटपणा कोकणाइतका नाही, पण मे महिन्यात ४३-४४ अंशांत बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कॅमेरा ठेवणारे कमी नव्हते. “उन्हाने कॅमेरा गेला” हे म्हणणं थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं.

कपाटातून पुन्हा बाहेर

हेच कॅमेरे आता कॉलेजातली मुलं घरातल्या कपाटांत शोधू लागली आहेत. “सीसीडीचा रंग वेगळाच” असं म्हटलं जातं. सीसीडी हा सेन्सरचा जुना प्रकार. विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी तो १९६९ साली बेल लॅबमध्ये शोधला आणि २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण जुन्या फोटोंच्या त्या खास रूपाचं श्रेय त्याला एकट्याला द्यायला मी तयार नाही. गाळण्यांचे रंग, कंपनीने चिपमध्ये भरलेली भडक निळ्या आकाशाची आवड, भिंगाला खेटून बसलेला फ्लॅश, पांढऱ्या जागा लवकर जळणं, हे सगळं मिळून ते रूप होतं. आजचा मोबाइल एका दाबात अनेक फोटो काढून त्यांची बेरीज करतो, सावल्या उचलतो, दाणे पुसतो. जुना कॅमेरा एकच फोटो काढायचा आणि जे दिसलं ते ठेवायचा. कंटाळा आलाय तो मोबाइलच्या सारवासारवीचा, असं मला वाटतं.

तुमच्या कपाटात असा कॅमेरा सापडलाच, तर आधी सेलचं झाकण उघडा. विसरलेले अल्कलाइन सेल गळले असतील तर पत्र्यांवर पांढरट खरबरीत थर दिसेल. तो अल्कधर्मी असतो, म्हणून काडीला गुंडाळलेला कापूस व्हिनेगरमध्ये किंचित भिजवून पुसला की निघतो. मग ओल पूर्ण वाळू द्यायची. चालू केल्यावर तो तारीख विचारेल. सेल बराच काळ बाहेर राहिले, की घड्याळ जागं ठेवणारा आतला छोटा साठा संपतो, आणि म्हणूनच घरोघरच्या जुन्या अल्बमांत नारिंगी अक्षरांत १ जानेवारीच छापलेली दिसते, बारसं श्रावणातलं असलं तरी.

शेवटची अडचण कार्डाची. दुकानात आता ३२ किंवा ६४ जीबीचं कार्ड मिळतं आणि २००६ च्या आधीचे बहुतेक कॅमेरे ते ओळखतच नाहीत. त्यांची मजल २ जीबीपर्यंत. जुन्या बटणांच्या मोबाइलमधलं २ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड अॅडाप्टरमध्ये घालून बघा, एसडी कार्डाच्या कॅमेऱ्यात ते सहसा चालतं. ६ मेगापिक्सेलच्या एका फोटोला साधारण तीन एमबी लागतात, तेव्हा साडेसहाशे फोटोंची सोय झाली. सेल मात्र चार्जचेच घ्या.